बढती अडवणारा शेरा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. नव्वदच्या दशकात शहापूरच्या सरकारी कचेरीत मी हेडक्लार्क होतो आणि हाताखालच्या कारकुनांचे गोपनीय अहवाल लिहायचो. बढती मिळाली की बदली ठरलेली. म्हणून आळशी कारकुनाला मी दरवर्षी ‘अत्युत्कृष्ट’ शेरा द्यायचो आणि कामसूला ‘साधारण’. आळशी बढतीवर मुरबाडला गेला, वर चढत चढत माझा साहेब होऊन परतला आणि माझाच अहवाल लिहू लागला.

कामसू मात्र कारकून म्हणूनच निवृत्त झाला. निरोप समारंभात मी बोलायला उठलो, तर तोच म्हणाला, “बसा भाऊ, गुडघे दुखतील. वरच्यांना डोळे नायत, तुमी काय करणार?”

मी बसलो. ‘तुझी बढती मीच अडवली रे, माफ कर,’ हे म्हणायचं राहूनच गेलं.