बैठकीतला कापूस
प्लॅस्टिक तापल्याचा वास आला की अजूनही मला रोहणा गावातल्या सासरच्या घरातली ती दुपार आठवते. अवकाळी पावसाच्या धाकाने वेचलेला सगळा कापूस आम्ही घाईघाईने बैठकीत भरला होता, पार खिडकीच्या वरपर्यंत. मी आतल्या खोलीत ऑफिसचं काम करत होते आणि वायफाय सारखं तुटत होतं. लॅपटॉप बंद करून चालू केला, पासवर्ड पुन्हा टाकला, पण काही उपयोग झाला नाही. शेवटी नेटवाल्यांना फोन लावला, तर तिकडची बाई म्हणाली, "राउटर गरम झालाय का, हात लावून पाहा." बैठकीच्या दारात आले तेव्हा कुठे ध्यानात आलं, की राउटर त्या खिडकीतच होता आणि आता तो कापसाखाली गाडला गेला होता. तो वास तिथूनच येत होता, आणि ढिगावर नेमके तिथेच सासरे निजले होते. मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. "मामाजी, खाली उतरा," मी ओरडले. "काऊन, काय झालं?" म्हणत ते सावकाश उतरले. मी खांद्यापर्यंत हात खुपसला. आतला कापूस चटका बसावा इतका तापला होता. राउटर ओढून काढला, तर त्याला चिकटून आलेला कापूस तपकिरी पडलेला. मामाजी हळूच म्हणाले, "कालपासून मी इथंच निजून राह्यलो, पाठ मस्त शेकते म्हून." आता नेट गेलं की घरातले राउटरचे दिवे पाहायला जातात. मी आधी मामाजींना हाक मारते.