बारशाला डोकं दुखलं नाही

लासुर्ण्याच्या सारजाला अर्धशिशी आहे हे माहीत नाही असं माणूस गावात शोधून सापडायचं नाही. अहो, तिच्या शेजारचा सोनबासुद्धा सकाळी ट्रॅक्टर चालू करायच्या आधी तिच्या खिडकीकडे बघतो. खिडकीला आतून गोधडी लावलेली दिसली, की गपगुमान दुसऱ्या रानात कामाला जातो. सगळी माणसं चांगली आहेत, एक वाईट नाही. फक्त तिच्या दुखण्याची त्यांना इतकी सवय झाली, की तिला बोलवायचंच हळूहळू सुटलं. हळदीकुंकू असो, कुणाची साखरपुड्याची सुपारी असो, "कशाला त्रास बिचारीला" म्हणतात आणि पुढच्या दाराला जातात. त्या 'बिचारी'चा सारजाला जितका राग येतो, तितका डोक्याचासुद्धा येत नाही.

दुखणं म्हणाल तर साधंसुधं नाही. आधी डोळ्यांपुढं काजवे चमकतात, मग डाव्या भिवईच्या वर जो ठणका सुरू होतो तो कानापर्यंत उतरतो. उजेड नको, आवाज नको, कुणी लसणाची फोडणी दिली तरी पोट ढवळून येतं. एकदा आडवी झाली की दिवस गेलाच म्हणायचा. लग्न करून ती सोमेश्वरनगरच्या बाजूला नांदायला गेली होती. तिथं हंगामात साखर कारखान्याच्या मळीचा वास वाऱ्यावर घरात यायचा आणि ही आठवड्यातनं एकदा तरी अंथरुणाला खिळायची. सासू म्हणाली, "आमाला राबणारी सून पायजे, निजणारी न्हाय." तिच्या वडलांनी, आबांनी, तिची पेटी जीपमध्ये टाकली आणि लेकीला माघारी आणलं. ती आली ती आलीच.

पुढं आबा गेले. आई तर आधीच गेली होती, धाकट्या सुयोगला सारजानंच वाढवला होता. तो शिकला, बारामतीला एका कंपनीत नोकरीला लागला, तिथंच बिऱ्हाड केलं. सारजा मळ्यातल्या घरात एकटी उरली. वांगी, दोडका, ढोबळी मिरची. पाण्याची पाळी सांभाळायची, माल तोडायचा, क्रेट भरून टेंपोत चढवायचे. डोकं बरं असलं की दोन गड्यांचं काम करते, उगाच नाही सांगत. पण संध्याकाळी भाकरी एकीपुरतीच थापावी लागते. कधी कधी मुद्दाम दोन थापते, एक कुत्र्याला घालते. तेवढीच कुणाला तरी वाढल्यासारखी वाटते.

आता उपाय केले नाहीत असं नाही. सूर्य उगवायच्या आत दुधात जिलबी बुडवून खाल्ली. कुणी म्हणालं दृष्ट लागलीय, मग मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या धुरानं आणखी दोन दिवस पडून राहिली. शेवटी गणपतीला साकडं घातलं आणि संकष्टी धरली. नुसती नाही, निर्जळी. चहासुद्धा नाही. चंद्र दिसेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब जात नसे, आणि चंद्र दिसायच्या आधी हिला काजवे दिसायचे! वर्षानुवर्षं हे चाललं. ज्या उपासानं डोकं दुखत होतं, तोच उपास ती डोकं दुखायचं थांबावं म्हणून करत होती. हसू येतं ना? तिला नाही आलं. आपलीच भक्ती कमी पडतेय असं वाटून तिनं मग मंगळवारही धरला.

छकुलीचं बारसं झालं तेव्हा असंच केलं. छकुली म्हणजे सुयोगची थोरली. बारशात बाळाच्या कानात नाव कुणी सांगायचं? आत्यानं. आई नाही, आजी नाही, तो मान आत्याचाच. ती कानात कुर्र करते, नाव सांगते आणि भोवतालच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. उभ्या जन्मात सारजाला असा हक्काचा मान दुसरा कुठला मिळायचा? बायको म्हणून नाही मिळाला, आई म्हणून नाही. म्हणून तिनं नाव सांगेपर्यंत काही खायचं नाही असं ठरवलं, रात्र जागून कुंची शिवली आणि उपाशीपोटी उन्हातनं बारामती गाठली. मांडवात अगरबत्त्यांचा धूर, कर्णा दारातच. पाळण्यापर्यंत पोचायच्या आतच ती भिंत धरून खाली बसली. नाव चुलत बहिणीनं, आसावरीनं सांगितलं. सारजा आतल्या खोलीत तोंडावर पदर घेऊन पडली होती. तिला ते कुर्रसुद्धा ऐकू आलं नाही.

छकुली आता पाच वर्षांची आहे. आणि यंदा सुयोगला मुलगा झाला.

ही बातमी कळल्या दिवशीच सारजानं ठरवलं की या खेपेला काही झालं तरी चुकायचं नाही. तिनं इंदापूरला जाऊन एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाईंनी औषधाच्या आधी गप्पाच मारल्या. किती वाजता जेवता, झोप कशी, चहा किती, दुखायच्या आदल्या दिवशी काय काय झालं. सारजा सांगत गेली आणि बाई ऐकत गेल्या. संकष्टीचं ऐकलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"सारजाताई, तुमचं दुखणं खरं आहे, ढोंग नाही. पण त्याला आवतण तुम्हीच धाडता. पोट रिकामं, पाणी नाही, रोजचा चहा एकदम बंद, वर ऊन आणि जाग्रण. एकेक गोष्ट कदाचित सोसेल. सगळं एकदम आलं तर कसं सोसणार?"

"पर उपास देवाचा हाय, बाई."

"मग देवाला सांगा, डॉक्टरनं मोडायला लावला. माझं नाव घ्या खुशाल."

सगळ्यांचं सारखं नसतं, असंही त्या म्हणाल्या. कुणाला अत्तराच्या वासानं होतं, कुणाला ढगाळ हवेनं, कुणाला पाळीच्या दिवसांत, कुणाला जास्त झोपलं तरी. तुमचं तुम्हीच ओळखायचं. आणि सुरू होतंय असं वाटलं की लगेच ही गोळी घ्यायची, मुकाट सोसत बसायचं नाही. सारजा घरी येताना एसटीत रडली. इतक्या वर्षांत ढोंग नाही असं तिला कुणी तोंडानं म्हटलंच नव्हतं.

मग ती लागली तसंच वागायला. वेळेवर भाकरी, वेळेवर चहा, रानात जाताना डोक्याला फडकं आणि बाटलीत पाणी. संकष्टी, मंगळवार दोन्ही सोडले त्या दिवशी देवापुढं कान धरले आणि पोटभर जेवली. बारसं तिसऱ्या महिन्यात ठरलं होतं; त्याआधीचे दोन महिने खिडकीला गोधडी लागली नाही. सोनबाच्या बायकोनं, रंगूबाईनं, विचारलंसुद्धा, "सारजे, बरी हायस न्हवं? लई दिस झालं, पडली न्हायस!"

बारशाच्या आदल्या दिवशी तिनं उजेड होता तोवर कुंची पुरी केली, लवकर जेवली, आणि झोपमोड नको म्हणून फोनचा आवाज बंद करून पिशवीत ठेवून दिला. सकाळी उठून ज्वारीची भाकरी, दूध, वर चहा. पातळ नेसली ते मोतिया रंगाचं, भडक नको म्हणून. फाट्यावर उभी राहिली तर पहिली एसटी लग्नाच्या वऱ्हाडानं भरलेली. दार उघडलं तसा अत्तराचा असा घमघमाट अंगावर आला, की पायरीवर ठेवलेलं पाऊल तिनं मागं घेतलं. कंडक्टर म्हणाला, "अवो मावशी, चढा की!" ती म्हणाली, "जावा तुमी. मी मागच्यानं येती." झाडाखाली सावलीत बसून दोन केळी खाल्ली. मागची एसटी यायला वेळ लागला खरा, पण तिनं जिवाची घालमेल होऊ दिली नाही. घालमेल झाली तरी डोकं दुखतं, बाईंनी सांगितलं होतं. सारी वाट ती मनात कुर्र म्हणून बघत होती. आजूबाजूला कुणी बघतंय का म्हणून एकदा हळूच तोंडानंही म्हणाली.

घरात शिरली तेव्हा बाया घुगऱ्या घेत होत्या. पाळण्याशेजारी आसावरी नव्या साडीची घडी मांडीवर घेऊन बसली होती. नाव सांगणाऱ्या आत्याला द्यायची साडी. सारजा दारातच थांबली.

सुयोग धावत आला. "आक्का! अगं, सकाळी फोन केला. तू उचलला न्हाईस, तवा वळखलं आमी. मग पुन्ना न्हाई केला. म्हटलं, पडली आसंल, रिंगनं आजून त्रास हुईल." त्याचा आवाजच हळू होता. तिच्याशी सगळे असेच हळू बोलतात.

झालं होतं ते इतकंच. तिचं डोकं दुखायला लागलं की ती फोन उचलत नाही, आणि फोन उचलला नाही की तिला त्रास द्यायचा नाही, हा त्या घरातला जुना रिवाज होता. प्रेमाचाच. गुरुजी खोळंबले होते, बाळ भुकेलं होतं, आसावरी होतीच. कुणाला म्हणून दोष द्यायचा?

सुयोगची बायको स्वरदा बाळंतिणीचा स्कार्फ सावरत पुढं आली. "आक्का, अशा अवस्थेत कशाला आलात हो? तरी आतली खोली कालच करून ठेवलीय तुमच्यासाठी. पडदे लावलेत, पंखा हळू ठेवलाय. अगरबत्तीसुद्धा लावू दिली नाही आज कुणाला."

सारजानं श्वास घेऊन बघितला. खरंच, घरात कसलाच वास नव्हता.

"लई दुखतंय का?" सुयोगनं विचारलं.

सारजाचं डोकं धुतल्या काचेसारखं निर्मळ होतं. असं ते कितीतरी वर्षांत नव्हतं. दुखत न्हाय म्हणून सांगायला तिनं तोंड उघडलं आणि भावाच्या तोंडाकडे तिची नजर गेली. दुखत नाही म्हटलं, तर यानं आपल्या बहिणीचा मान हातानं दुसरीला दिला असं झालं. जन्मभर त्याच्या जिवाला लागून राहील. दुखतंय म्हटलं, तर त्यानं केलं ते बरोबरच केलं. आसावरीनं साडीची घडी हळूच पदराखाली सरकवली, तेही सारजाला दिसलं.

"दुखतंय थोडं," ती म्हणाली. कुंची त्याच्या हातात दिली आणि आत जाऊन पडली.

खोली छान केली होती. चादर नवी होती, उशाशी पाण्याचा तांब्या होता. बाहेर बायांनी पाळणा म्हणायला घेतला. कुणाचा तरी आवाज फार गोड होता. डोकं दुखत नसलं की किती ऐकू येतं, असं सारजाला वाटलं, आणि तिला रडू आवरेना.

दार हळूच उघडलं. छकुली चवड्यावर चालत आली. आत्याजवळ मोठ्यानं बोलायचं नाही, हे तिला बोलायला लागल्यापासून शिकवलेलं. तिनं पलंगावर चढून सारजाच्या कानाला तोंड लावलं.

"आत्या, तुला बाळाचं नाव कुणी सांगितलंच न्हाई ना?"

"न्हाय गं."

"निहार," छकुली कानात म्हणाली.

सारजानं तिला पोटाशी धरलं. छकुलीच्या हाताला तिचा ओला गाल लागला तशी ती पोर घाबरली. सुटून दारात पळाली आणि कमरेवर हात ठेवून बाहेरच्या बायांवर खेकसली, "गप बसा की गं समद्या! आत्याचं लई दुखतंय, ती रडाया लागलीय!"

पाळणा मध्येच थांबला. कुणीतरी भांडं उचललं तेही दोन्ही हातांनी, आवाज न करता. सगळं घर सारजासाठी मुकं झालं.

ती अंथरुणात उठून बसली. म्हणा गं बायांनो, पुढचं म्हणा, थांबू नका, असं तिला घसा फोडून सांगायचं होतं. पण डोकं दुखणारी बाई अशी ओरडत नाही, म्हणून ती पुन्हा आडवी झाली.