अकरावा मान

माझा भाऊ अंगद श्रीगोंद्यात गाळा भाड्यानं घेऊन वेबसायटी करतो. त्याचा एक हट्ट हाय. नव्या सायटीत पहिलं काम रीसेट. ब्राउझर आपल्या मनानं काही अक्षरं मोठी करतो, यादीला आकडे लावतो, कडंला जागा सोडतो. ते समदं आधी पुसायचं, मग आपल्याला पायजे तसं मांडायचं. "ताई, नांगरल्याबिगर कोनी सरी पाडतं का?" म्हनायचा. त्याच्याशेजारी बसून मीबी थोडंफार शिकले. मी म्हनायची, बाबा, बरं चाललंय ते कशाला पुसतोस? पन ऐकंल तर शप्पत.

यंदा चैतात गावच्या जत्रा कमिटीनं त्याला सायट करायला दिली. तीत मानकऱ्यांची यादी. आमच्यात देवाच्या काठीमागं अकरा घरं नंबरानं चालत्यात. पहिला मान रामहरीचा. अकरावा, दिवटी धरायचा, आमच्या बापाचा, गोरक्षनाथाचा. एका सालाला बाप ऊसतोडीवरनं थेट जत्रेत आला आन गर्दीत दहाव्याच्या म्होरं त्याचं पाऊल पडलं. रामहरीनं तोंडावर काठी हाणली. बापाचा डावा डोळा गेला. गाव म्हनलं, चूक गोरक्षनाथाचीच. उरल्या डोळ्यावर त्यानं पुढं वीस वर्सं ऊस तोडला.

सायट जत्रेच्या सकाळी चालू झाली. यादीत अकरा नावं, त्यात बापाचंबी, पन आकडा एकबी न्हाई. रीसेटनं पुसले ते अंगदनं परत घातलेच न्हाईत. दोन नंबरचा राधाकृष्ण मोबाईल नाचवत म्हनला, आता कोन पहिला ते दावा. त्यानं काठीला हात घातला आन देवळापुढंच जुंपली. रामहरीच्या पोराचं डोस्कं फुटलं, राधाकृष्णाच्या भावाचा कान लोंबला. पायऱ्या रगतानं निसरड्या झाल्या हुत्या.

दुपारी रामहरी चार मानसं घेऊन गाळ्यात शिरला. मुडदा बशिवला त्या रामहरीचा! अंगदला लाथांनी तुडवला. मी मधी पडले तर मला भितीवर आपटलं. मग अंगदचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला, शटर अर्ध्यावर वढलं.

"आकडे घाल."

"न्हाई घालत."

शटर खाली आलं. दोन बोटं चेचली. हाडाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"कोडाची एक ओळ हाय रे ती," मी म्हनले. "घाल की."

त्यानं नकाराची मान हलवली. रामहरीनं शटर परत वर नेलं. ती ओळ मला येत हुती. लॅपटॉप वढला आन टाकली. एक ते अकरा, समदे आकडे आले. रामहरीनं मोबाईलवर बघितलं, हात सोडला आन निघून गेला.

आठ दिस अंगद माझ्याशी बोलला न्हाई. दवाखान्यात पट्टी बदलताना माझा तोल सुटला. म्हनले, "आकडे घालायचं इसरलास तू, आन राग माझ्यावर व्हय?"

"इसरलो न्हवतो," तो म्हनला. "जल्मात एकदा बाप त्यांच्या बरोबरीनं उभा हुता, ताई. तू त्याला परत अकरावा केलास."