मागच्या गेटचा कवी

ओकेलो गेल्याची बातमी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली, वाढदिवसाच्या दोन केकांच्या मधोमध. "आपल्या कंपाउंडचा सिक्युरिटी गेला. हार्ट अटॅक." नाव कोणालाच माहीत नव्हतं. मी लिहिलं, ओकेलो. युगांडाचा. कवी होता.

इथे आखातात, अल अझीझियातल्या आमच्या कंपाउंडच्या पुढच्या गेटवर तो असायचा. फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला तसे भाड्याने फ्लॅट बघायला पाहुणे येऊ लागले आणि मॅनेजरने त्याला मागच्या गेटवर, कचऱ्याच्या पेट्यांपाशी हलवलं. "पुढे जरा प्रेझेंटेबल माणूस हवा." गोरा हवा, असं सरळ म्हणायची हिंमत नव्हती. मला मात्र ते लगेच कळलं. मी काळी आहे... आमच्याकडे काळीला सावळी म्हणायची सभ्य पद्धत आहे, आणि लग्न जमेपर्यंत मी ती सभ्यता पुरेपूर भोगली आहे.

मागच्या गेटवर त्याने एक कविता केली. मी तिथे गेले की प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून, ताठ उभा राहून म्हणायचा:

मला रात्र म्हणू नका.
रात्र सरते.
मी सरत नाही.

मी ती इंग्रजीतून मराठीत आणली. मंडळाच्या कोजागरीच्या काव्यवाचनात त्याने ती स्वतः म्हणायची आणि मी मराठीत वाचायची, असं ठरलं. त्याने शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. ऐन वेळी अध्यक्ष म्हणाले, "अहो वहिनी, मग गेटवर कोण थांबणार? तुम्हीच वाचा ना." मी साफ नाही म्हटलं. पण माझं मराठी भाषांतर त्यांच्या हातात होतंच, निवेदिकेने वाचून टाकलं. टाळ्या इतक्या वाजल्या की गेटपर्यंत ऐकू गेल्या. दुसऱ्या दिवशी ओकेलोने विचारलं, "मॅडम, त्या टाळ्या कोणाला होत्या?"

तो गेल्यावर मंडळाने श्रद्धांजलीचं पोस्टर केलं. मराठीत त्याच्या ओळी, मध्ये त्याचा फोटो... आणि फोटोतला चेहरा चक्क उजळलेला, गव्हाळ. मी संतापून फोन केला. "अहो, चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणून ब्राइट केला," पोस्टर करणारे म्हणाले. "खलास वहिनी, सोडा आता, भावना बघा ना." त्यांची भावनाच तर मला दिसत होती.

परवा मागच्या गेटला गेले. त्याच खुर्चीवर आता ओकेलोचा रूममेट बसतो. तोही उठून उभा राहिला. कसंही असलं तरी मंडळाने काहीतरी केलंय म्हणून मी त्याला मोबाइलवर ते पोस्टर दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं, मग अदबीने मोबाइल परत दिला.

"छान आहे, मॅडम. हा कोण?"