गोळीची सरळ वाट

औषधाची गोळी पोटाला पत्ता लागू न देता थेट डोक्यात पोचवू पाहणारा माणूस आमच्या लातुरात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आतोबांना अर्धशिशी होती. डॉक्टर बजावत, गोळी जेवूनच घ्या. आतोबांचं म्हणणं, पोटात भाकर असली की गोळी तिच्याशीच गप्पा हाणत बसते, वर जायचं विसरते. म्हणून ते ती उपाशीपोटी घेत आणि दुखऱ्या बाजूवर कलंडून पडत; चुकून दुसऱ्या कानाकडं जायला नको. मग डोकं राहायचं बाजूला आणि पोटात चूल पेटायची.

जिल्हा नवा झाला, पण पावसानं तोंड फिरवलं. कलेक्टर आला आणि ढगांची बदली झाली, असं आतोबा म्हणत. पुढच्याच उन्हाळ्यात लेकीची सोयरीक ठरवायला ते निलंग्याला निघाले. शिकलेला म्हणून मला बरोबर घेतलं. एसटीत त्यांचं कपाळ उठलं. पोट रिकामं, तरी दोन गोळ्या कोरड्याच गिळून त्यांनी माझ्या मांडीवर डोकं टेकलं. मी शिकलेला, मी वर्तमानपत्रानं वारा घातला.

निलंग्यात टँकरचं पाणी राखून पाहुण्यांसाठी हुग्गी रांधली होती. गहू, गूळ, वर तुपाची धार. आमच्यात मुलीच्या बापानं ताट पुसून खाल्लं की होकार, टाकलं की नकार; बोलायची गरज पडत नाही. आतोबांनी अर्धं कपाळ दाबत एक घास घेतला आणि मग पोट धरलं. दुसरा उचलेना. मुलगा लेकीच्या मनात भरलाय, हे त्यांना ठाऊक होतं. मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. घाबरून मी माझं ताट चाटूनपुसून साफ केलं, पण भाच्याच्या होकाराला कोण विचारतो?

मुलाची आई समोर येऊन बसली.

"अप्पा, डोक्याची गोळी उपाशीपोटी घेतलीत ना?"

आतोबा ओशाळून हसले.

"मला बी हाय हे दुखणं. डोकं उठलं की पोट झोपतंय. गोळी तिथंच पडून जाळत राहते."

तिनं ताट उचललं आणि दहीभात आणला. आतोबांनी तो सावकाश, शेवटच्या शितापर्यंत संपवला. मुलाच्या वडिलांनी सुपारी पुढं केली.

परतताना आतोबा म्हणाले, "पोरगी आजारी पडली तर या घरात आधी 'जेवलीस का' म्हणून इचारतील. अजून काय पायजे?"

लग्न झालं, लेकीची एसटी सुटली. धुरळा खाली बसला तरी आतोबा स्टँडवर उभेच. डोकं दुखतंय का, म्हणून मी विचारलं.

"न्हाई बाबा, आज अजाबात न्हाई," ते म्हणाले, आणि उपरण्यानं तोंड झाकून घेतलं.