मधूने धरून ठेवलेले माइल

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पासपोर्ट हातात घेऊन खाटेवर बसले होते. आदल्या दिवशी वर्ध्याच्या दवाखान्यात त्याने मला बजावले होते, ‘सकाळी फोन करतो बाई, पासपोर्ट जवळ ठेवजो, नंबर लागते.’ फोन वाजला, त्याचेच नाव दिसले. मी चष्मा लावला आणि काही न विचारता नंबर वाचायला लागले. अर्धा वाचून झाल्यावर पलीकडून शोभाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, आवाज आला. ‘बाई, थांबा... ते गेले.’ मी उरलेला नंबर वाचून संपवला. का संपवला ते मला आजही सांगता येत नाही.

मधुकर माझा धाकटा भाऊ. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, तसे तो मला म्हणायचा आणि शोभाही म्हणते. तो गेल्याला आता महिना होऊन गेला. मी चौथी शिकलेली, लिहायची सवय नाही. पण पुरवणीतले असे लेख वाचते, आणि त्यात गेलेल्या माणसाचे सगळेच चांगले लिहिलेले असते. मधूही चांगला होता. तरी मी त्याच्यावर रागावलेली आहे, आणि राग काढायला तो समोर नाही. म्हणून हे लिहिते.

आमचे घर नाचणगावचे. माझा नवरा लवकर वारला, तेव्हा मी लेकीला, वंदूला, कडेवर घेऊन माहेरी परत आले. मधूचे तेव्हा लग्नही झाले नव्हते. वंदूला शाळेत नेऊन घालणे, नर्सिंगला पाठवणे, पुढे कॅनडात नोकरी लागली तेव्हा कर्ज काढून विमानात बसवणे, सगळे त्याने केले. वंदूला बापाचा चेहरा आठवत नाही. तिला मामाच माहीत. तिने तिकडेच लग्न केले, मोडलेही, आणि आपल्या मुलीला घेऊन ती तिथेच राहिली. मधूने नंतर शेजारी पुलगावला घर बांधले, बाबांचे घर माझ्याकडे राहिले. या घरात एक कापसाची खोली आहे. दिवाळीपासून वेचलेला कापूस तिथे छताला टेकेपर्यंत भरायचा आणि भाव येईपर्यंत धरून ठेवायचा, हा आमच्याकडचा रिवाज. अंगाला खाज सुटते, उंदीर होतात, पण कोणी घाई करत नाही. एका वर्षी सगळ्या गावाने संक्रांतीला कापूस विकला आणि बाबांनी होळी होईपर्यंत धरला. भाव असा चढला की बाबांनी त्यावर मळ्यातली विहीर बांधली. मधू तेव्हा लहान होता. बाबा त्यानंतर पुष्कळ वेळा हरले, पण मधूच्या डोक्यात ती विहीरच राहिली. जो धरून ठेवतो तो जिंकतो, असे त्याने तेव्हाच ठरवून टाकले असावे.

तो जिनिंगचा फिटर होता. कापसातून सरकी वेगळी करायच्या मशिनी बसवायला नागपूरची कंपनी त्याला आफ्रिकेत पाठवायची, कधी उझबेकिस्तानात. जिथे कापूस तिथे मधू. विमानात कोणी शेजाऱ्याने त्याला सांगितले की प्रत्येक प्रवासाचे माइल जमा होतात आणि पुरेसे जमले की तिकीट फुकट मिळते. त्या दिवसापासून हा माणूस बदलला. त्याच्याकडे दोन कंपन्यांची कार्डे आली, एक पिवळे, एक निळे. लग्नाची पंगत असो की तेरवी, हा शेजारच्याला दोन्हींतला फरक समजावत बसायचा. पिवळी कंपनी अंतर पाहून माइल देते, स्वस्त तिकिटावर निम्मेच देते, पण कोणत्या गावाला किती माइल लागतील ते तिने बांधून दिलेले आहे. निळी कंपनी तिकिटाचे पैसे पाहून माइल देते, भरपूर देते, पण खर्च करायला गेले की तिचा भाव रोज वेगळा. पिवळीचे माइल तिच्या जोडीदार कंपन्यांच्या विमानांत चालतात, मात्र फुकटच्या खुर्च्या मोजक्याच, आणि काही वर्षांत माइल वापरले नाहीत तर मरतात. निळीचे मरत नाहीत, अधूनमधून काहीतरी जमा करत राहिले की झाले. हे सगळे ऐकून लोक जांभया द्यायचे. मला मात्र त्याने एका वाक्यात सांगितले होते. ‘पिवळी वजनात मारते बाई, पण भाव बांधून देते. निळी वजन भरून देते अन् भावात मारते.’ हे मला लगेच कळले. असे दोन व्यापारी आमच्या दारात रोज येतात.

‘मग विकावं कोणाले?’ मी विचारले.

‘आता कोणालेच नाई. जमू दे.’

त्याने कोणालाच विकले नाही. शोभाला सिंगापूर दाखवतो म्हणाला, दाखवले नाही. ती चिडून म्हणायची, ‘आकाशातून फुकट नेतो म्हणते हा माणूस, अन् आजवर केळझरच्या गणपतीले एसटीनं नेलं नाई.’ तो हसायचा. प्रत्येक प्रवासाच्या आधी मात्र तो बॅग घेऊन माझ्याकडे यायचा, कारण कापसाच्या खोलीत छताच्या कडीला आमचा जुना गोल काटा टांगलेला आहे. वेचणाऱ्या बायांचे गाठोडे ज्यावर मोजतात, तोच. त्याच्या आकड्यात मधू बॅग अडकवायचा आणि हात मागे बांधून उभा राहायचा. सुई डोलत राहायची. मी म्हणायची, दिसते ना, झालं, उतरव. तो म्हणायचा, ‘सुई थांबू दे, बाई.’ ती पूर्ण थांबल्याशिवाय त्याने कधी बॅग उतरवली नाही.

मागच्या वर्षी वंदूचा फोन आला. पोटात गाठ आहे, ऑपरेशन होणार. ती स्वतः नर्स, तिने काही लपवले नाही. ‘आई, तू ये,’ एवढेच म्हणाली. तिकीट पाठवते असेही म्हणाली. मधू तिथेच बसला होता. त्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि तिला सांगितले की मामा जिवंत असताना आईचे तिकीट लेकीने काढायचे नाही, त्याच्याकडे माइल पडून आहेत, ते याच दिवसासाठी जमवले होते. मलाही आजारी लेकीच्या पैशाने जाणे बरे वाटत नव्हते. त्याने धावपळ करून माझा पासपोर्ट काढला, व्हिसाही आणला. तेवढ्यात उन्हाळा लागला. निळी कंपनी उन्हाळ्यात जास्त माइल मागते म्हणून तो थांबला. पिवळीचा भाव बांधलेला होता, पण तिथे फुकटची खुर्ची निघेना. तो रोज पहाटे उठून बघायचा. एकदा निघाली, तर ती तीन ठिकाणी विमान बदलून जाणारी, वर कराचे पैसे एवढे की त्यात थोडी भर घालून साधे तिकीट आले असते. त्याने ती सोडली. म्हणाला, पावसाळ्यानंतर स्वस्त होईल.

वंदूचे पहिले ऑपरेशन माझ्याशिवाय झाले. दुसऱ्याच्या वेळी तिने मधूला हसत सांगितले, ‘मामा, मले खिडकीजवळची जागा नको तिच्यासाठी. तिले टपावर बसवून पाठवा.’ तो पण हसला. फोन ठेवल्याबरोबर परत खुर्ची निघाली का ते बघायला लागला.

पावसाळा संपला आणि एके दिवशी निळीने तिकिटाला लागणारे माइल जवळपास दुप्पट केले. आधी कळवले नाही, काही नाही. एवढ्या वर्षांत जमवलेले माइल जिथल्या तिथे होते, फक्त आता ते जायलाही पुरत नव्हते, यायचे तर सोडाच. तो दिवस मला चांगला आठवतो. तो आला आणि नुकत्याच भरायला लागलेल्या कापसाच्या खोलीत दारातच बसला. मी चहा दिला, तो तसाच थंड झाला. मग म्हणाला, ‘पाहतो काहीतरी.’

त्याने काय पाहिले, तर बँकेच्या कार्डावर खर्च केला की निळीचे माइल वाढतात. स्वतःचा खर्च तो किती असणार? मग हा पुलगावच्या पेट्रोल पंपावर जाऊन उभा राहायला लागला. जो गाडीत पेट्रोल भरेल त्याला म्हणायचा, नगद मले दे, माझं कार्ड घासू दे. ओळखीचे लोक द्यायचे, अनोळखी संशयाने बघायचे. कोणाचा किराणा, कोणाची फवारणीची औषधे, कोणाच्या पोरीच्या लग्नाचे दागिने, सगळीकडे हा कार्ड घेऊन हजर. एका दागिन्याच्या दुकानदाराने त्याला दलाल समजून बाहेर काढले. उन्हात उभे राहून त्याचा चेहरा काळा पडला होता. मी त्याला रागावले. ‘हे काय भिकाऱ्यासारखं लावलं? काढून टाक ना साधं तिकीट. नाई तर ते जे आहे ते विक अन् पाठव मले.’ तो म्हणाला, ‘एवढे वर्स धरलं बाई. आता पडत्या भावात सोडू?’ मी त्याला सांगितले की कापूस खोलीत पडून राहिला तर कापूसच राहतो, माझी पोरगी तशी पडून राहणार नाही... त्याला ते पटले होते. पटले होते तरी दुसऱ्या दिवशी तो पंपावर गेला.

पंपावरच त्याच्या छातीत दुखायला लागले. वर्ध्याला नेले. मी गेले तेव्हा तो पलंगावर उशीला टेकून बसला होता आणि नर्सची नजर चुकवून फोनमध्ये भाव बघत होता. मला बघून म्हणाला, ‘जायपुरते झाले, बाई. पण चढलेला भाव उतरते. आणखी आठ दिवस थांबून पाहू.’

मला एवढा संताप आला की तो आजारी आहे हे मी विसरले. ‘वंदूजवळ आठ दिवस आहेत का, हे कोणत्या कंपनीले विचारलं तू?’

मग त्याने फोन उलटा करून चादरीवर ठेवला. म्हणाला, ‘उद्या काढतो. भाव कोणताही असो. जायचं काढतो, यायचं मग पाहू.’ आणि मग ते पासपोर्टचे सांगितले. ही आमची शेवटची भेट.

तेरवीनंतर शोभा आणि मी निळी कंपनीला फोन लावला. शोभाच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे, की आमचे मालक वारले, त्यांच्या माइलवर त्यांच्या बहिणीचे तिकीट काढायचे आहे. दुसरे काही बोलायचे आम्हाला सुचलेच नाही. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. तिने दुःख व्यक्त केले, मग सांगितले की सभासद वारला की त्याचे माइल संपतात, आणि खाते तिथल्या तिथे बंद केले. नंतर लोक म्हणाले, सांगितलेच कशाला? आता काय बोलायचे! पिवळीचे उत्तर वेगळे होते. ती वारसाला माइल देते, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद पाहून. ते कागद तहसीलीत आहेत. ते कधी बाहेर येतील ते तहसीलदारालाही माहीत नसेल. म्हणजे मेल्यावरही पिवळी थोडा भाव देते आणि निळी काहीच नाही. मधू असता तर हा फरकही त्याने पंगतीत सांगितला असता.

वंदूची औषधे आता थांबवली आहेत. ती दिवसाही झोपते. परवा फोनवर तिचा आवाज एवढा बारीक होता की मला वाटले नात बोलते आहे. मी तिला विचारले, मी येईपर्यंत राहशील ना? ती म्हणाली, ‘तू निघ आधी.’ मामा गेल्याचे तिला सांगायचे की नाही, हे आम्ही ठरवत होतो. तिने स्वतःच विचारले, आणि मला खोटे बोलता आले नाही.

त्याच दिवशी मी व्यापाऱ्याला बोलावले. शेत मी बटईने दिलेले आहे, माझ्या वाट्याचा कापूस खोलीत होता. तो म्हणाला, ‘बाई, आता काऊन विकता? भाव पार पडून आहे. होळीनंतर येईन.’ मी म्हटले, ‘गाडी लाव.’ शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या, बाईचे डोके फिरले अशा नजरेने. कापूस गेला, त्यात थोडे शोभाने घातले आणि साधे, पैशाचे तिकीट आले. येत्या गुरुवारी मी नागपूरहून निघते. मी कधी विमानात बसलेली नाही. हे छापून येईल तेव्हा मी तिच्याजवळ असेन... किंवा उशीर झालेला असेल. दोन्हींतले काय, ते मला माहीत नाही आणि रात्रंदिवस दुसरे काही डोक्यात येत नाही.

काल शोभा मदतीला आली. मुंगवड्या, काडीवर वळून वाळवलेले सरगुंडे, ज्वारीचे पीठ, तिखट, सगळे भरले. वंदू खाणार नाही हे मला कळते, तरी भरले. कापसाची खोली रिकामी आहे. कोपऱ्यात थोडे पुंजके उरलेत आणि मधोमध तो काटा टांगलेला आहे. दोघींनी मिळून बॅग उचलली आणि आकड्यात अडकवली. सुई पुढे गेली, मागे आली, परत पुढे गेली. मी वाकून बघितले आणि बॅगेला हात घातला.

शोभा म्हणाली, ‘बाई, सुई थांबू द्या.’

मी बॅग उतरवून घेतली.