हंड्यातला सूर्य

होळी सरली की सोलापूरची हवा इतकी कोरडी व्हायची, की घरातल्या चालत्या यंत्रमागाच्या पट्ट्याजवळ हात नेला तर अंगावरची लव उभी राहायची. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्या पट्ट्यापासून तार ओढून अम्माचा तांब्याचा हंडा विजेनं भारायचा. वडील गेल्यावर शाळा सोडून तो मागावर बसला आणि मला मात्र हट्टानं कॉलेजात घातलं, तेही फिजिक्सला! गल्लीनं नावं ठेवली, त्यानं कुणाला भीक घातली नाही. मी घरी आले की आधी विचारायचा, आज काय शिकवलं?

कुठल्याशा मासिकात त्यानं वाचलं, की सूर्यात हायड्रोजनचे कण एकमेकांवर दाबले जाऊन जुळतात आणि त्यातून एवढा जाळ निघतो. झालं, गडी वेडा झाला. भारलेला हंडा बाहेरचा उडता कापूस लांब ढकलतो, मग आतही चहूबाजूंनी ढकलेल, कण मधोमध चेपले जातील, आपला सूर्य आपल्या घरात, असा त्याचा हिशेब.

ज्वारीच्या ताटाच्या भेंडाची गोळी रेशमाच्या धाग्याला बांधून तो हंड्याला शिववायचा. बाहेरून ती टुणकन पळायची. आत, अगदी भिंतीलगत सोडली तरी ढिम्म. तो म्हणायचा, हवा दमट आहे. सूत तुटू नये म्हणून आम्ही जमिनीवर पाणी मारायचो, त्याचाच हा दोष. मग पाणी मारणं बंद केलं. सूत तटातट तुटलं, अम्मा चिडली, गोळी काही हलली नाही.

त्याच सुमाराला कॉलेजात भारलेल्या पोकळ भांड्याचा धडा आला. घरात आमची तेलुगू, पण विजेचं बोलणं मराठीतच, ते शब्द शाळेतले. मी सांगितलं, जवळची भिंत जोरात ढकलते पण तिचा तुकडा लहान, लांबची हळू ढकलते पण तिचा तुकडा मोठा. दोन्हींची फिट्टंफाट होते, आत काही उरत नाही.

"अगदी मधोमध?"

"कुठंच नाही, अण्णा."

"वीज लई वाढवली तर?"

"तरी नाही."

तो हसला. ते हसणं मला बघवेना. खोटं बोलावं असंही वाटलं, पण ज्यानं मला शिकायला घातलं त्यालाच कशी फसवू?

"बरं झालं की तू शिकलीस," एवढंच म्हणाला. तार काढली, हंडा चिंचेनं घासून अम्माला दिला आणि जमिनीवर पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्याच्याजवळ बसले. माग चालू होता. पुढं मी फिजिक्सची मास्तरीण झाले, पण आज काय शिकवलं, हे त्यानं परत कधीच विचारलं नाही.